घरी कुरकुरीत मसूर फलाफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसुराचे फलाफल हा पारंपरिक प्रकार आहे का?

नाही. फलाफल म्हणजे भिजवलेलं कडधान्य कच्चंच भरडून तळलेले छोटे वडे. इजिप्तमध्ये फलाफलला ताअमिया म्हणतात आणि तिथे ते सोललेल्या सुक्या बाकल्याचे (फावा बीन्सचे) करतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या पट्ट्यात ते काबुली चण्यांचे असतात. मसूर त्या सगळ्या भागात रोज खाल्ला जातो, पण सुपात किंवा मुजद्दरामध्ये, म्हणजे मसूर, तांदूळ आणि वर तळलेला कांदा. मसुराचे फलाफल ही अलीकडची घरगुती सोय आहे. सोय मात्र खरी आहे. काबुली चणे १२ ते १८ तास भिजवावे लागतात, मसूर डाळ दोन-अडीच तासांत तयार होते आणि घरच्या साध्या मिक्सरवरही ती नीट भरडली जाते. चण्याच्या फलाफलपेक्षा हे आतून थोडे मऊ आणि चवीला सौम्य होतात. कुरकुरीतपणात कमी पडायचं काहीच कारण नाही, फक्त पाण्यावर लक्ष हवं. खालच्या बहुतेक उत्तरांत पाण्याचाच विषय पुन्हा पुन्हा येईल, कारण बिघडलेल्या घाण्यांमागे बहुतेक वेळा तेच कारण असतं.

नेमकं प्रमाण काय घ्यायचं?

साधारण २२ फलाफल होतात, चार जणांना पुरतात. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा धरला आहे.

- मसूर डाळ २०० ग्रॅम
- हरभरा डाळ ५० ग्रॅम
- कांदा १ मध्यम (सुमारे ८० ग्रॅम)
- कोथिंबीर ५० ग्रॅम, कोवळ्या देठांसकट
- पुदिना आणि शेपू मिळून एक मूठ
- लसूण ५-६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या २
- धणे १ मोठा चमचा, जिरे दीड छोटा चमचा, मिरी अर्धा छोटा चमचा. तिन्ही कोरडे भाजून भरड कुटलेले
- पांढरे तीळ २ मोठे चमचे
- मीठ १ छोटा चमचा, भरून
- बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा
- तांदळाचं पीठ १ मोठा चमचा, लागलंच तर

शेपू कशाला? मुलं खाणार नाहीत.

इजिप्तच्या ताअमियात कोथिंबीर, पार्सली, शेपू आणि लीक अशी भरपूर हिरवळ असते. आतला हिरवा रंग त्यातूनच येतो. पार्सली आणि लीक आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पार्सलीच्या जागी कोथिंबीर वाढवा, लीकच्या जागी कांद्याची पात घ्या. शेपू मात्र मंडईत बारा महिने मिळतो, आणि तळल्यावर त्याचा उग्रपणा बराच उतरतो. एवढ्या मिश्रणात दोन-तीन काड्या असतील तर नाव सांगितल्याशिवाय कळत नाही. तरीही नको असेल तर वगळा, फलाफल बिघडणार नाहीत.

हरभरा डाळ घातलीच पाहिजे का?

नुसत्या मसूर डाळीचेही होतात. पण मसूर डाळीला साल नसते, ती पटकन मऊ पडते आणि जरा जास्त वाटली की लगद्यासारखी होते. हरभरा डाळीचे कण दाणेदार राहतात, त्यामुळे मिश्रणाला आधार मिळतो आणि चावताना मजा येते. आमच्या मते हा पाचवा हिस्सा फारच मोलाचा आहे. हरभरा डाळीला चार तास लागतात, म्हणून ती आधी भिजत घाला आणि दोन तासांनी त्याच भांड्यात मसूर डाळ टाका. दोन्ही एकाच वेळी तयार होतील.

अख्खा मसूर वापरायचा असेल तर तो ८ तास, म्हणजे रात्रभर भिजवा. सालीमुळे मिश्रण कमी चिकट होतं, रंग तपकिरी येतो आणि चव जास्त मातकट, गडद लागते. त्यात हरभरा डाळ नसली तरी चालते.

डाळ पुरेशी भिजली हे कसं ओळखायचं?

दाणा नखाने दाबा. तो सहज तुटला पाहिजे आणि मधोमध कोरडा, खडूसारखा ठिपका दिसता कामा नये. भिजल्यावर डाळीचं वजन जवळपास दुप्पट होतं. जुन्या डाळीला जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात मसूर डाळ पाच-सहा तास बाहेर राहिली तर पाण्यावर फेस येऊन आंबट वास सुटतो. उशीर होणार असेल तर पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. भिजवण्याआधी चार-पाच वेळा चोळून धुवा आणि भिजवलेलं पाणी टाकून द्या. पोटात गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याबरोबर निघून जातो.

डाळ शिजवून घेतली तर काम सोपं होणार नाही का?

फलाफल विरघळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कच्च्या भिजलेल्या डाळीतला स्टार्च अजून फुललेला नसतो. गरम तेलात पडल्यावर तो आसपासचं पाणी शोषून फुलतो, घट्ट होतो आणि कणाला कण धरून ठेवतो. शिजवलेल्या डाळीत हे काम कुकरमध्येच उरकलेलं असतं. स्टार्च आधीच पाण्याने तट्ट भरलेला, त्यामुळे तेलात धरून ठेवायला काही उरत नाही. गोळा बाहेरून तपकिरी होईपर्यंत आत वाफ साठते आणि तो फुटतो. मग लोक बेसन, ब्रेडचा चुरा, मैदा घालत जातात आणि शेवटी कटलेट तयार होतं. डाळवडे करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको: डाळ भिजवायची, निथळायची, कच्चीच भरडायची. इथेही तेच.

चुकून शिजवलीच, आता काय?

तुर्कस्तानात शिजवलेल्या लाल मसुरात बारीक बुलगुर गहू फुलवून मुटके करतात, त्याला मेर्जिमेक कोफ्तेसी म्हणतात. ते तळत नाहीत. लेट्यूसच्या पानात धरून, लिंबू पिळून गारच खातात. बुलगुर आधी उकडलेला असतो म्हणून डाळीच्या उष्णतेवर फुलतो. आपला लापशी रवा कच्चा असतो, तो वेगळा शिजवून मगच मिसळा. परतलेला कांदा, टोमॅटो पेस्ट, जिरेपूड, तिखट, कांद्याची पात घाला. डाळ सत्कारणी लागेल, तळायचा हट्ट फक्त सोडा.

निथळायचं किती?

चाळणीत अर्धा तास, मधे दोनदा हलवून. मग स्वच्छ पंच्यावर पसरून वरून दुसऱ्या पंच्याने टिपा आणि पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवा. मुठीत घेतल्यावर हात ओला लागता कामा नये. कोथिंबीर-पुदिना धुतला असेल तर तोही असाच कोरडा करा; पालेभाजीच्या पानांत अडकलेलं पाणी लक्षात येत नाही, पण अख्खा घाणा बिघडवायला ते पुरेसं असतं. कांदा बारीक चिरून किंवा किसून मुठीने घट्ट पिळा. मध्यम कांद्यातून दोन मोठे चमचे तरी रस निघतो. तो आमटीत घाला.

मिक्सरमध्ये पाण्याशिवाय वाटलंच जात नाही.

पाणी घालू नका, एक चमचाही नाही. उपाय असे:

मोठ्या भांड्याऐवजी चटणीचं भांडं घ्या आणि ते निम्मंच भरा. एकेका सेकंदाचे झटके द्या, तीन-चार झटक्यांनंतर थांबून चमच्याने खालचं वर करा. लसूण, मिरची, कोथिंबीर पहिल्याच घाण्यात डाळीबरोबर टाका. त्यांच्या अंगच्या ओलाव्यावर डाळ फिरायला लागते. फूड प्रोसेसर असेल तर काम एकदम सोपं. पाट्यावर भरडलेली डाळ तर अप्रतिम होते.

किती बारीक वाटायचं?

जाड रव्याइतकं. त्यातला चौथा हिस्सा आणखी भरड राहिला तरी छान. खरखरीत पृष्ठभागाला तेल जास्त ठिकाणी भिडतं आणि तिथे तिथे कुरकुरीत टोकं तयार होतात. गुळगुळीत पेस्ट झाली तर बाहेर सलग कडक कवच येतं आणि आत गच्च, पिठूळ गोळा राहतो. उलट फारच जाड ठेवलं तर कण एकमेकांना धरत नाहीत.

कसोटी सोपी आहे. थोडं मिश्रण मुठीत दाबा. आकार टिकला, पण अंगठ्याने ढकलल्यावर मोडला, तर बरोबर. दाबताच सुटं झालं तर एक चतुर्थांश मिश्रण परत मिक्सरमधून काढून त्यात मिसळा. हाताला चिकटून लोंबायला लागलं तर तांदळाचं पीठ घाला.

बांधण्यासाठी बेसन चालेल?

एक मोठा चमचा चालेल. त्याहून जास्त घातलं की भज्याची चव येते. तांदळाचं पीठ आम्हांला जास्त योग्य वाटतं, कारण त्याला स्वतःची चव कमी आणि कुरकुरीतपणा जास्त. पण आधी मिश्रण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा. तेवढ्यात डाळीचे बारीक कण सुटं पाणी पिऊन घेतात आणि बऱ्याचदा पिठाची गरजच उरत नाही.

मीठ आणि बेकिंग पावडर कधी घालायची?

दोन्ही अगदी शेवटी, गोळे वळायच्या आधी. मीठ कांद्यातून आणि कोथिंबिरीतून पाणी ओढतं. अर्ध्या तासात मिश्रण सैल पडतं. बेकिंग पावडर ओलावा लागताच फसफसायला सुरुवात करते आणि ताटकळली की तिचा जोर संपतो.

खायचा सोडा घ्यायचा असेल तर पाव छोटा चमचाच घ्या. सोड्याने तपकिरी रंग फार लवकर चढतो, म्हणजे आतून कच्चे असतानाच झालेसे वाटतात. जास्त पडला तर साबणासारखी चव येते, गोळे भसाभस तेल पितात आणि फुटतात. काहीच न घालताही फलाफल होतात, फक्त आतून थोडे घट्ट.

आकार कसा द्यायचा?

एका गोळ्याला २५ ते ३० ग्रॅम मिश्रण. अरब देशांत यासाठी दांडीचा, स्प्रिंग असलेला छोटा साचा मिळतो. घरी दोन मोठे चमचे पुरतात. लाडूसारखे दाबून वळू नका. हलक्या हाताने आकार धरेपर्यंतच दाबा आणि थोडे चपटे करा, मधे जाडी दोन सेंटिमीटरच्या आत. चपट्या फलाफलला आतपर्यंत उष्णता लवकर पोचते. तीळ वरून लावायचे असतील तर एका बाजूला दाबून बसवा. हाताला पाणी लावण्याऐवजी तेलाचा थेंब लावा.

तेल किती गरम हवं? थर्मामीटर नाही.

१७० ते १७५ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर मिश्रण तेलात टाका. ते तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आलं पाहिजे. तळाशीच बसलं तर तेल थंड आहे. टाकताक्षणी वर येऊन लगेच काळसर झालं तर फार तापलं आहे. आच बंद करून दोन मिनिटं थांबा.

कढईत तेल सहा-सात सेंटिमीटर खोल असू द्या, शेंगदाणा किंवा सूर्यफूल, रिफाइंड. एका वेळी पाच-सहाच सोडा, नाहीतर तेल एकदम गार होतं. पहिलं दीड मिनिट झारा लावू नका. कवच धरायच्या आधी ढवळलं तर धड मिश्रणाचेही तुकडे होतात. मग उलटा आणि मध्यम आचेवर एकूण चार ते पाच मिनिटं तळा. बुडबुडे कमी झाले की समजा आतलं पाणी बरंच गेलं.

अख्खा घाणा लावण्याआधी एकच फलाफल तळून मोडून बघा. मीठ, ओलावा, आच, सगळ्याचा अंदाज त्यात येतो आणि सुधारायला वेळ असतो.

आतून शिजलं हे रंगावरून कळतं का?

मसुराच्या बाबतीत हो. कच्ची मसूर डाळ केशरी असते आणि शिजली की पिवळी पडते. मोडलेल्या फलाफलमध्ये हिरवळीच्या अधेमधे केशरी कण दिसले तर ते कच्चे आहेत. आच थोडी कमी करून एक-दीड मिनिट वाढवा. कच्ची डाळ पचायला जड असते, म्हणून हे तपासणं महत्त्वाचं आहे. याच कृतीने नुसता भिजवलेला राजमा वाटून फलाफल कधीही करू नका. राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन थोडंसुद्धा पोटात गेलं तर जोरदार उलट्या-जुलाब होतात, ते जायला खळखळून उकळावंच लागतं आणि एवढ्याशा तळण्याने त्याची खात्री देता येत नाही.

काय बिघडलं ते कसं ओळखू?

तेलात विरघळले: मिश्रण ओलं, डाळ शिजवलेली, किंवा तेल थंड. उरलेल्या मिश्रणात एक मोठा चमचा तांदळाचं पीठ घाला, २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तेल नीट तापवून पुन्हा एक तळून बघा.

बाहेर काळे, आत कच्चे: तेल फार तापलेलं, गोळे मोठे, किंवा सोडा जास्त. कांदा न पिळता घातला तरी त्याच्या साखरेने लवकर काळपट रंग येतो.

दगडासारखे कडक: मिश्रण फार बारीक वाटलं, पीठ जास्त पडलं, किंवा मंद आचेवर फार वेळ तळले.

तेलकट: तेल थंड, कढईत गर्दी, किंवा सोडा जास्त.

तेलावर फेस: सुटे कण तेलात पडत आहेत. प्रत्येक घाण्यानंतर जाळीच्या झाऱ्याने कण काढून टाका. ते जळले की पुढच्या घाण्याला कडवट वास लागतो.

पाहुणे येणार आहेत, आधी तळून ठेवता येतील?

दोनदा तळा. सकाळी १६० अंशांवर तीन मिनिटं, फिकट सोनेरी होईपर्यंत. जाळीवर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. वाढायच्या वेळी १८० अंशांवर एक ते दीड मिनिट. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत कवचातला उरलेला ओलावा उडतो. एकदाच तळलेल्यांपेक्षा हे जास्त वेळ कुरकुरीत राहतात, त्यामुळे घाई नसली तरीही ही पद्धत वापरण्यासारखी आहे.

तळून काढलेले फलाफल टिपकागदावर एकावर एक रचू नका, आणि गरम असताना डब्यात भरून झाकण तर मुळीच लावू नका. त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. चाळणी उलटी घालून तिच्यावर सुटे सुटे ठेवा. मायक्रोवेव्हमध्येही ते मऊच पडतात. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर पाच मिनिटं गरम करा.

तळायचे नसतील तर?

पहिला क्रमांक आप्पेपात्राचा. प्रत्येक खळगीत अर्धा छोटा चमचा तेल चांगलं तापवा, मिश्रण भरा, मंद-मध्यम आचेवर झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून झाकणाशिवाय आणखी चार-पाच मिनिटं. दोन्ही बाजूंना खरपूस कवच येतं.

एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर १४ ते १६ मिनिटं, मधे एकदा उलटून. मिश्रणात एक मोठा चमचा तेल मिसळा आणि वरूनही ब्रशने लावा. तेल लावलं नाही तर पृष्ठभाग कोरडा पडतो, भेगाळतो आणि खाताना घशाला लागतो. ओव्हनमध्ये २०० अंशांवर २२ ते २५ मिनिटं, ट्रे आधीच तापवून, तेल लावून. ओव्हनसाठी टिक्कीइतके चपटे करा. तळलेल्यांची बरोबरी यांना येत नाही, पण चांगल्या सॉसबरोबर छान जेवण होतं.

मिश्रण किती टिकतं? फ्रीझ होतं का?

मीठ आणि बेकिंग पावडर न घातलेलं मिश्रण फ्रिजमध्ये एक दिवस. नंतर पाणी सुटतं आणि आंबूस वास येतो. फ्रीझरमध्ये मिश्रणाऐवजी तयार गोळे ठेवा: ताटात सुटे मांडून कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिनाभर उत्तम राहतात. तळताना वितळवू नका, वितळले की ओले होतात. थेट फ्रीझरमधून १६० अंशांच्या तेलात, एका वेळी चारच, सहा-सात मिनिटं. बर्फाचे कण झटकून टाका, नाहीतर तेल उडतं.

सॉससाठी ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट, विकत मिळत नाही.

१०० ग्रॅम पांढरे, पॉलिश केलेले तीळ मंद आचेवर फक्त गरम होऊन सुगंध सुटेपर्यंत परता. रंग बदलू देऊ नका, कडवट होतात. गार करून चटणीच्या भांड्यात वाटा आणि दोन-तीन मोठे चमचे तेल थोडं थोडं घालत पातळ, वाहती पेस्ट करा.

सॉससाठी ४ मोठे चमचे ताहिनी, २ मोठे चमचे लिंबाचा रस, एक ठेचलेली लसूण पाकळी, मीठ. रस घालताच ताहिनी घट्ट, गुठळीदार होते. घाबरू नका. गार पाणी चमच्याचमच्याने घालत फेटत राहा. चार-पाच चमच्यांनंतर ती एकदम मऊ आणि पांढुरकी होते. तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर चक्का, लसूण, लिंबू आणि पुदिना. अशा वेळी फलाफलमधले तीळही वगळा.

गहू चालत नसेल, किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर?

वरच्या साहित्यात गहू नाही, पण बेकिंग पावडरच्या पाकिटावरचे घटक वाचा. कांदा-लसूण नको असेल तर ते काढून कोथिंबीर थोडी वाढवा आणि पाव छोटा चमचा हिंग घाला. मात्र बाजारातल्या बऱ्याच हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा गहू वर्ज्य असलेल्यांनी त्याचंही पाकीट बघावं. पिटा ब्रेडऐवजी (खिशासारखी उघडणारी गव्हाची रोटी) लेट्यूस किंवा कोबीच्या कोवळ्या पानात गुंडाळून खाता येतात.

पिटामध्ये भरल्यावर लगेच लिबलिबीत होतात.

टोमॅटो-काकडीच्या बिया काढा, सॉस आधी ब्रेडच्या आतल्या बाजूला लावा, मग कोशिंबीर, आणि फलाफल सगळ्यात शेवटी. डब्यात द्यायचे असतील तर फलाफल पूर्ण गार करून वेगळ्या डब्यात आणि सॉस वेगळ्या बाटलीत द्या.